रेक्टरबाईंची मेस

जेलरोडच्या मागच्या बाजूला, जिथे तेव्हा बंगले पाडून इमारती उभ्या करायची लाट अजून पोचली नव्हती, तिथे आम्ही लग्नानंतरची साडेतीन वर्षं भाड्याने राहिलो. वरच्या दोन खोल्या आमच्या. खालचं घर आणि मागचं अंगण बाईंचं. बाई म्हणजे आमच्या घरमालकीण. शहरातल्या एका मुलींच्या वसतिगृहात त्यांनी तीस वर्षं रेक्टर म्हणून काढली होती आणि निवृत्त झाल्या तरी ते पद काही त्यांना सोडायला तयार नव्हतं. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना रेक्टरबाईच म्हणत. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची कॉलनीत कुणाची छाती नव्हती.

खोल्या बघायला गेलो तेव्हा त्यांनी भाड्याच्या आधी वेळा सांगितल्या. पाणी साडेसहाला येतं. कचऱ्याची गाडी आठला. "आणि सातला घंटा होते," त्या म्हणाल्या, "दचकायचं नाही."

घंटा कसली, ते दुसऱ्या दिवशी कळलं. मी गॅलरीत दात घासत उभी होते. खाली मागचं दार उघडलं आणि बाई बाहेर आल्या. अंगावर सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, एका हातात शाळेतला शिपाई वाजवतो तसली पितळी घंटा, दुसऱ्या हातात दाण्यांचा डबा. अंगणभर काय काय टांगलेलं होतं. पेरूच्या फांदीला करवंट्या, तारेला मातीची उथळ परळं, मधोमध एका लोखंडी पाइपावर तेलाच्या डब्याचा कापलेला तळ. कपड्यांच्या तारेवर चिमण्या ओळीने बसलेल्या. बाईंनी तीनदा घंटा हलवली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चला, मेस सुरू!"

आणि खरंच, चिमण्या खाली उतरल्या.

मग खुर्ची टाकून बाई हजेरी घेत. त्यासाठी लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर होतं. "चिमण्या एकवीस. बुलबुल दोन. साळुंक्या चार. सातभाई सहा, म्हणजे एक गैरहजर." वरून मला बघून त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुझी नजर चांगली आहे का गं? त्या शेवग्यावर बघ, सातवा तिकडे बसलाय का?" मी बघितलं. बसला होता. "उशिरा येणारे असतातच," त्या म्हणाल्या आणि सहाचे सात केले.

पाखरांवर त्यांचा जीव होता असं म्हणायला मी तेव्हा तयार नव्हते. मला ते सगळं शिस्तीचं वेड वाटायचं. कुणी किती खायचं, कुणी कुठे बसायचं, हे ठरलेलं. कावळ्यांना पोळीचे तुकडे मागच्या भिंतीवर, "त्यांची पंगत वेगळी." बुलबुलांना फळ. शेजारच्या मांजरासाठी स्वयंपाकघराच्या खिडकीत होळीची पिचकारी भरून ठेवलेली असे, आणि सत्तरीला टेकलेल्या या बाई त्या पिचकारीने पंधरा फुटांवरचं मांजर बिनचूक भिजवत. मात्र त्यांचा खरा राग कबुतरांवर. छाती फुगवून, घुमत घुमत, दुसऱ्याला ढकलत येणारी ती कबुतरं दिसली की बाई म्हणत, "आलं बॉईज हॉस्टेल!" आणि झाडू घेऊन धावत.

त्यांच्या जुन्या मुली कधीमधी भेटायला येत. मुली म्हणजे पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या बायका. त्यातली एक निफाडकडची, द्राक्षबागाईतदाराची बायको, हंगामात गळालेल्या मण्यांचं क्रेट घेऊन यायची, खास बुलबुलांसाठी. एकदा ती सांगितलेल्या वेळेपेक्षा तासभर उशिरा आली. मी जिन्यावर होते. फाटकातून आत यायच्या आधी तिने मला हळूच विचारलं, "बाई चिडल्यात का हो?" तिची मुलगी इंजिनीअर होऊन पुण्याला नोकरीला लागलेली होती, आणि ही इथे ओठांवरची लिपस्टिक रुमालाने पुसून मग आत गेली. आतून बाईंचा आवाज आला, "रस्त्यात ट्रॅफिक होतं हे सांगू नकोस. नवीन काहीतरी सांग." मग दोघींचं हसणं. बाई हसतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पण बाईंना खऱ्या अर्थाने जिने कामाला लावलं होतं ती एक खार. तिची शेपटी अर्धीच होती, कधीतरी मांजराच्या तावडीतून सुटलेली असणार. म्हणून ती बांडी. बांडी कुठलीच वेळ पाळायची नाही. घंटेच्या आधी यायची, सरळ परळात बसायची आणि दोन्ही हातांनी दाणे गालात कोंबायची. चिमण्या तारेवरून बघत राहायच्या.

"ही भिंतीवरून उड्या मारणाऱ्यांतली आहे," बाई म्हणाल्या. "अशा प्रत्येक बॅचला एक-दोन असायच्या."

मग युद्ध सुरू झालं. देवळालीगावात पत्र्याचं काम करणारे एक चाचा होते, मूळचे मालेगावचे. बाईंनी त्यांना बोलावून पाइपावर उलटं नरसाळं बसवून घेतलं, खालून चढणाऱ्याला पुढे जाताच येऊ नये असं. चाचांनी काम संपवलं, पैसे घेतले आणि बांडी काय करते ते बघायला मुद्दाम थांबले. ती पाइपावरून वर आली, नरसाळ्याला डोकं लागलं, खाली उतरली. क्षणभर विचार केल्यासारखी बसली. मग पेरूवर चढली आणि फांदीवरून थेट परळात.

चाचा म्हणाले, "बाई, ये तो इंजिनियर है. मी पत्रा कापून देईन, पण तिच्याएवढं डोकं कुठून आणू?"

बाईंनी पेरूची फांदी छाटली. बांडीने कपड्यांच्या तारेवरून उडी मारली. बाईंनी तार दुसऱ्या भिंतीला नेली. बांडी आमच्या गॅलरीच्या कठड्यावरून झेपावू लागली. एका भाऊबीजेला बाईंनी दाण्यांत लाल तिखट कालवलं. पाखरांना तिखट लागत नाही असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. पाखरांना नव्हतंच लागत. बांडीने मात्र दोन घास खाल्ले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसायला लागली. पुसत राहिली, पुसत राहिली, परळातच गोल गोल फिरली. बाई खिडकीतून बघत होत्या. मग त्या बाहेर आल्या, डबा उपडा करून ते सगळे दाणे केरात टाकले, आणि पाण्याचं परळ धुऊन भरून ठेवलं. संध्याकाळी मी फराळाचं ताट घेऊन गेले तर म्हणाल्या, "ठेव तिथे. आज मला काही जायचं नाही."

माझा नवरा तेव्हा अंबडला एका कारखान्यात होता, पहिली पाळी. त्याने उत्साहाने कंपनीतून ग्रीस आणलं आणि पाइपाला थापलं. बाईंनी त्याच दिवशी ते रॉकेलच्या फडक्याने पुसून काढलं. "एखाद्या चिमणीच्या पंखाला लागलं तर ती उडेल कशी?" नवरा खजील होऊन वर आला. "मग यांना नक्की हवंय तरी काय?" तो मला म्हणाला. मी म्हटलं, "त्यांना काही नकोय. त्यांना फक्त कामात राहायचंय."

असं आम्ही त्यांच्याबद्दल बोलायचो. वरच्या मजल्यावर बसून, चहा पिता पिता, हसत.

आमच्या हसण्यात कूलरचीही भर पडली. त्या वर्षी मार्चपासूनच ऊन तापलं. बाईंचा कूलर मागच्या खिडकीत बसवलेला होता, लोखंडी, लाकडाच्या भुशाच्या जाळ्यांचा, जुना. दर वर्षी होळी झाली की त्या तो धुऊन सुरू करायच्या. त्या वर्षी केलाच नाही. मान ओल्या पंच्याने पुसत पंख्याखाली बसायच्या. मी विचारलं, "बाई, कूलर लावत नाही?"

"आवाज फार करतो गं."

"आमचे हे बघतील. तेल घालून देतील."

"नको," त्या चटकन म्हणाल्या. "हात लावू नका कुणी त्याला."

आम्ही त्यावरही हसलो.

तोवर माझा मुलगा आठ महिन्यांचा झाला होता. जानेवारीपासून त्याला खोकला होता आणि तो जात नव्हता. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. औषधं बदलून झाली. मग डॉक्टरांनी विचारलं, "घराजवळ कबुतरं आहेत का?"

"आहेत," मी म्हटलं. आमच्या गॅलरीचा कठडा विष्ठेने पांढरा असायचा. बाईंच्या झाडूला भिऊन ती सगळी फौज वर आमच्याकडे येऊन बसे, आणि बाई आत गेल्या की सांडलेले दाणे टिपायला खाली उतरे.

"पोराला त्यांच्यापासून लांब ठेवा," डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन मी खाली गेले. ठरवून गेले होते की सगळं सांगायचं. पण बाई मला बघून इतक्या खुशीत होत्या, मुनियांचं जोडपं पहिल्यांदाच मेसला आलं होतं, की मी नुसतं म्हटलं, "बाई, कबुतरं फार झालीत हो."

"मी तरी काय सांगतेय!" त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी चाचांना बोलावून त्यांनी परळांभोवती बारीक जाळी बसवून घेतली, चिमणी आत जाईल आणि कबूतर बाहेर राहील अशी. खाली सांडणारे दाणे मात्र सांडतच राहिले. मी पुन्हा बोलायला गेले नाही. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना सांगितलं नाही. मला वाटायचं, सांगून काय होणार? या बाई पाखरं सोडणार नाहीत. उलट खोल्या सोडा म्हणतील. हे मी त्यांना न विचारताच त्यांच्या वतीने ठरवून टाकलं होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बाईंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्यांची भाची गंगापूर रोडला राहायची. आठ दिवस तिच्याकडे राहायचं म्हणून ती हटून बसली. निघायच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी मला खाली बोलावलं आणि चार्ज दिला. खरोखर चार्जच. मागच्या दाराची किल्ली, डबा, घंटा, रजिस्टर.

"सातला म्हणजे सातला. बाजरी दोन वाट्या, कणी एक वाटी. घंटा वाजवायचीच, त्याशिवाय त्या उतरत नाहीत. हजेरी घेशील ना?"

"घेईन."

"आणि बांडीला हाकलू नकोस इतक्यात," त्या घाईने म्हणाल्या. "मी आले की बघू तिचं."

त्या 'इतक्यात'चा अर्थ मी विचारला नाही.

पहिल्या दिवशी मी सगळं नीट केलं. घंटा वाजवताना मला हसूही आलं. दुसऱ्या दिवशी, दाणे घालून वर आले, मुलाला जमिनीवरच्या गादीवर झोपवलं आणि कुकर लावायला आत गेले. परत येऊन बघते तर खार त्याच्या डोक्याशी. त्याच्या मोहरीच्या उशीची शिवण तिने कुरतडली होती, आतलं कापडाचं अस्तर ओढून ओढून तोंडात भरत होती, आणि मोहरी सगळीकडे सांडली होती. मुलगा जागा झाला होता. त्याच्या मुठीत मोहरी होती आणि मूठ तोंडाकडे चालली होती.

मी किंचाळले. खार गॅलरीतून पळाली, तोंडात चिंध्यांचा गोळा घेऊन. मुलाच्या तोंडात बोट घालून मी मोहरी काढली. तो रडला, रडताना खोकला, खोकताना निळसर झाला. एखादं मिनिट असेल. मग सावरला. पण मी सावरले नाही. त्याला कवटाळून बसले आणि मनात एकच होतं, की हे सगळं बंद झालं पाहिजे. कबुतरं, खार, घंटा, सगळं.

शेजारून उंदराचा पिंजरा आणला. शेंगदाणे ठेवून गॅलरीत लावला. दुपारी तीन वाजता बांडी त्यात सापडली. सापळ्याचं इंजिनीअरिंग तिला कळलं नाही, की भूक जास्त होती, कोण जाणे. ती आत इतकी धावत होती की पिंजरा जागचा हलायचा. मी त्यावर जुनी चादर टाकली. तिच्याकडे नीट बघितलं असतं तर तिच्या पोटावरून मला कळलं असतं. मी स्वतः तेव्हा अंगावर पाजणारी बाई होते. पण मी बघितलं नाही.

रात्र तिने त्या पिंजऱ्यातच काढली. पहाटे नवऱ्याने पिंजरा स्कूटरला अडकवला. "पांडवलेण्यांच्या पायथ्याशी सोड," मी सांगितलं. "झाडीत." तो बरं म्हणाला. संध्याकाळी आला तेव्हा मी विचारलं. पाळीला उशीर झाला होता म्हणून लेण्यांपर्यंत जाता आलं नाही, तो म्हणाला. कंपनीच्या कंपाउंडला लागून नाला आहे, तिथे रस्त्याकडेला पिंजरा उघडला. "ट्रक चालू होते, पण ती गेली बरोबर. एक बाभूळ आहे तिथे, बहुतेक."

मी पिंजरा धुऊन शेजारी परत दिला.

त्या दिवसापासून मी दाणे घातले नाहीत. सात वाजता चिमण्या तारेवर येऊन बसायच्या. मी गॅलरीचं दार लावून घ्यायचे. दारातूनही त्यांची चिवचिव ऐकू यायची. तीन दिवस त्या आल्या. चौथ्या दिवशी सात-आठच होत्या. सगळ्यांत शेवटी कबुतरं गेली. मुलाचा खोकला थोडा कमी झाला. कबुतरांमुळे की डॉक्टरांनी दिलेल्या नव्या औषधाने, ते मी आजही सांगू शकत नाही.

बाई यायच्या आदल्या संध्याकाळी मी खाली गेले. डब्यातले दाणे उरायला हवेत तेवढेच ठेवले, बाकीचे पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत दिले. मग रजिस्टर उघडलं. सहा दिवसांची हजेरी कोरी होती. मी पेन घेतलं आणि भरली. चिमण्या वीस, चिमण्या एकवीस, मध्येच एक दिवस एकोणीस, म्हणजे खरं वाटावं. बुलबुल दोन. आणि प्रत्येक दिवसाखाली, बाईंची पद्धत होती तसं, बांडी हजर.

दुसऱ्या दिवशी बाई रिक्षातून उतरल्या. डोळ्याला काळा चष्मा. भाचीने हात धरला होता तो त्यांनी फाटकातच सोडवून घेतला आणि भिंतीला हात लावत आधी मागच्या अंगणात गेल्या. उन्हाची वेळ, पाखरं नसणारच. त्या खुर्चीत बसल्या.

"वाचून दाखव गं. मला अजून अक्षर लागत नाही."

मी समोर उभी राहून माझं खोटं मोठ्याने वाचलं. एकेक दिवस. त्या मान हलवत ऐकत होत्या. "बांडी हजर" आलं की त्यांच्या चेहऱ्यावर किंचित हसू यायचं. सहा वेळा आलं.

भाची गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा झाली. तारेवर दोन चिमण्या होत्या. बाईंनी बराच वेळ वाट बघितली. "डोळ्याला अजून नीट दिसत नाही बहुतेक," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला वरून दिसलं. बाई पेरूखाली उकिडव्या बसून खुरप्याने माती उकरत होत्या. डॉक्टरांनी वाकायचं नाही असं बजावलं होतं. मी धावत खाली गेले.

"बाई, काय लावताय? मी करते ना."

"लावत नाहीये," त्या म्हणाल्या.

शेजारी वर्तमानपत्राचा कागद होता. त्यावर तीन पिल्लं. बोटाएवढी, वाळून गेलेली. पाठीवरचे पट्टे नुकते उमटायला लागले होते. त्यांच्याभोवती काथ्या, कूलरच्या जाळीचा भुसा, आणि पांढऱ्या कापडाच्या चिंध्या. त्या कापडावर निळी फुलं होती. माझ्या आईने शिवलेल्या उशीचं ते अस्तर.

"कूलरमध्ये होती," बाई म्हणाल्या. "होळीच्या सुमाराला तिने घर केलं. मी म्हटलं, पिल्लं मोठी होईपर्यंत राहू दे."

माझ्या तोंडून निघालं, "मांजराने नेली असेल तिला."

बाईंनी काळ्या चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. "रोज हजर होती ना?"

"हो. म्हणजे... शेवटच्या दिवशीच नेली असेल."

"असेल," त्या म्हणाल्या.

ती पिल्लं एका दिवसात मेलेली नव्हती, हे कुणालाही कळलं असतं. त्यांनी कागद दुमडला, खड्ड्यात ठेवला, माती लोटली. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "मुलगा उठला असेल. जा तू."

त्यानंतर आम्ही तिथे वर्षभर राहिलो. बाई मला काही बोलल्या नाहीत. बोलण्यात कधी टोमणा नाही, भाड्यात वाढ नाही. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला त्यांनी चांदीची वाटी दिली. फक्त शेवग्यावर सातवा सातभाई बसलाय का, हे त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. पाखरं हळूहळू परतली. पावसाळ्यात एक दुसरी खार आली, पूर्ण शेपटीची. बाईंनी चाचांना बोलावून पाइपावरचं नरसाळं काढून टाकलं. ती परळात बसून खायची आणि बाई खुर्चीत बसून बघायच्या. रजिस्टर मांडीवर असायचं, पण त्या लिहिताना दिसायच्या नाहीत. कूलर मात्र पुढच्या उन्हाळ्यातही लागला नाही. नवरा आपणहून म्हणाला, "बाई, धुऊन सुरू करून देतो." त्या म्हणाल्या, "आता सवय झाली."

आम्ही पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला आणि निघालो. निघताना मी त्यांच्या पाया पडले. सांगायचं ते तेव्हाही ओठांवर आलं होतं. टेम्पोवाला हॉर्न देत होता, हे कारण पुरलं.

नऊ वर्षं गेली. मधल्या काळात फोन केले, दिवाळीला दोनदा जाऊन आले. मग कळलं की बंगला पाडायला दिला आणि बाई कायमच्या भाचीकडे राहायला गेल्या, पाय चालत नाहीत. मागच्या हिवाळ्यात मी गेले. एकटीच गेले. ठरवून.

पाचवा मजला. बाई खिडकीशी खुर्चीत होत्या. खूप लहान झाल्या होत्या. खिडकीला जाळी होती, कबुतरं येऊ नयेत म्हणून सगळ्याच इमारतीला होती. चहा झाला. भाची आत गेली. माझा मुलगा कितवीत आहे, खोकला पुन्हा झाला का, हे त्यांनी विचारलं. खोकला त्यांच्या लक्षात होता.

मग मी सांगितलं. डॉक्टरांपासून सुरुवात केली, उशी, पिंजरा, कोरी हजेरी, सगळं. मध्ये थांबले नाही. थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वाचून दाखवत होतीस तेव्हा खरं वाटलं होतं. उशीचं कापड बघितलं तेव्हा कळलं."

"मग तुम्ही विचारलं का नाही मला?"

"तू का नाही सांगितलंस?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्याने मला जास्त लागलं. "पोराच्या छातीचं होतं ना? डॉक्टर असं म्हणाले, एवढं म्हणाली असतीस तर त्याच दिवशी सगळं काढून टाकलं असतं मी. परळं उतरवायला किती वेळ लागतो? पाखरं काय, समोरच्या शेवग्यावर गेली असती."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. गप्प हो म्हणाल्या नाहीत, पाठीवर हातही ठेवला नाही. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं,

"सोडलं कुठे तिला?"

"पांडवलेण्यांच्या पायथ्याशी."

"झाडं आहेत तिथे?"

माझ्यासमोर तो नाला आला, रस्त्यावरचे ट्रक आले, आणि नवऱ्याला बहुतेक दिसलेली ती एक बाभूळ. एवढं सगळं कबूल करून झालं होतं. हे एकच राहिलं होतं.

"खूप आहेत," मी म्हटलं. "दाट झाडी आहे."

तीस वर्षं मुलींची खोटी कारणं ऐकलेली ती बाई माझ्याकडे बघत राहिली. मग त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला लागल्या.

"मग बरं," त्या म्हणाल्या.

मी "येते" म्हणून उठले, चपला घातल्या, दारातून वळून बघितलं. त्या अजून चष्मा पुसतच होत्या. घालायची त्यांना काही घाई दिसली नाही.